थंड गळ्याने भांडू नये

गळा गरम केल्याशिवाय आवाज चढवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो जमेल त्याला शिकवलेला आहे. गळा म्हणजे नळ नव्हे, तोटी फिरवली की धार सुरू व्हायला. आधी ओठ, मग जीभ, मग जबडा, मग हळूहळू सूर, अशी त्याची खुशामत करावी लागते. या नियमातली अडचण मला कुणी शिकवली नाही, ती अशी की राग येतो तेव्हा तो थंड गळ्यालाच येतो. "एक मिनिट थांबा, जरा ओठ फुरफुरवून घेतो, मग तुमची लायकी काढतो," असं म्हणून भांडायला उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी तसं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, आणि आयुष्यात एकदाच जे वाक्य खणखणीत म्हणायचं होतं ते बदकासारखं निघालं. त्या गोष्टीचा राग अजून उतरलेला नाही. हे लिहितानाही दातावर दात आहेत, आणि जबडा आवळणं गळ्याला वाईट असतं, हेही मीच शिकवतो.

मी आवाज देतो. म्हणजे पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कारखान्यातल्या सुरक्षेच्या फिल्ममध्ये "हात यंत्रापासून लांब ठेवा" म्हणणारा मी. मावळातल्या प्लॉटच्या जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत" म्हणणाराही मीच. ते मी इतक्या मायेने म्हणतो की आपलंच रान विकताना लाज वाटायला हवी. वाटते, पण रेकॉर्डिंग झाल्यावर.

गाव इंदुरी. बोलायला शिकलो ते आमच्या विहारात. जयंतीला लहान पोरांना स्टुलावर उभं करून भाषण करायला लावायचे, आणि जो माइकला घाबरायचा नाही त्याला शेवटी भेळ जास्त मिळायची. माझं सगळं करिअर त्या भेळेवर उभं आहे. पुढे धंद्यात पडल्यावर गळा गरम करायच्या कसरती शिकलो आणि त्यांचा सराव गावातच सुरू केला, नदीच्या काठी, किल्ल्याच्या भिंतीखाली. त्यातल्या एका कसरतीला सायरन म्हणतात. खालच्या सुरात "ऊ" धरायचा आणि मधे कुठेही न तोडता वर वर न्यायचा, मग तसाच घसरत खाली आणायचा. पहिल्याच सकाळी मी तो मन लावून केला. खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायका पदर खोचून धावत आल्या.

"कोन गेलं रं?"

"कुणी नाही मावशी. गळा गरम करतोय."

"मग च्या पी की. आमचा जीव कशाला घेतो?"

त्यातली एक तोवर वस्तीकडे पळालेली होती. मी घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावर अर्धी दाढी करून बसलेले, आणि समोर सांत्वनाला आलेले दोन म्हातारे. वडिलांनी वस्तरा पुसला आणि म्हणाले, "आता वस्तीत फिर आन् सांग समद्यांना, म्हातारा जिता हाय म्हनून."

असा मी या विषयातला तज्ज्ञ. म्हणून लोणावळ्याच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. लोणावळ्यात सगळ्या प्रकारची शिबिरं भरतात. ध्यानाची भरतात, विक्रीची भरतात, वजन उतरवायची भरतात, आणि वजन उतरवणारे जाताना चॉकलेट फजचे डबे घेऊन जातात. हे होतं आवाजाचं. ते घेणारे गृहस्थ धंद्यातले जुने, सगळे त्यांना सर म्हणत, तर मीही सरच म्हणतो. माझं काम दोन प्रकारचं: सकाळी सगळ्यांचे गळे गरम करून द्यायचे आणि नंतर रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसायचं.

हॉटेलच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी स्वागतसमारंभाची शेवंतीची फुलं अजून खांबांना लटकत होती. त्या फुलांखाली ट्रॅकसूट घातलेली मंडळी गोल करून उभी. संगणकातली तरुण पोरं, एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांना जन्मभर सहकाऱ्यांनी "तुम्ही रेडिओवर असायला हवं होतं" असं सांगून सांगून बिघडवलेलं. आणि एका टोकाला, नऊवारी नव्हे पण चांगली कडक इस्त्रीची साडी नेसलेली, पायात स्पोर्ट शूज घातलेली, माझ्याच वयाची एक बाई.

ती मळवलीची. घरची भाताची खाचरं, आणि नवराबायको मिळून एका मुंबईवाल्याचा बंगला सांभाळतात. सर त्या बंगल्यावर सुट्टीला राहायला गेले होते. तिथे त्यांनी हिला खाचरांच्या पलीकडच्या नवऱ्याला हाक मारताना ऐकलं आणि शिबिराला फुकट बोलावलं. "ताई, तुमच्या आवाजात माती आहे," असं म्हणाले म्हणे.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, मातीत काम केल्यावं आनखी काय आसल."

चहाच्या वेळी ती माझ्याशेजारी बसली, कारण तिच्यासारखं बोलणारा तिथे मीच होतो, निदान रागात असताना. ती का आली ते तिने सरळ सांगितलं. बचत गटाचा कार्यक्रम असो, हळदीकुंकू असो, बायका गोळा करायला वस्तीवस्तीवर हिला पाठवतात, आणि कार्यक्रम सुरू झाला की सूत्रसंचालनाला तळेगावची कुणीतरी शुद्ध बोलणारी येते.

"हाका मारायला मी आन् माइक धरायला दुसरी. बरं, मी धरला माइक, तर म्हनत्यात, तुला कशाला लागतोय, तू हितनं वरडलीस तरी कामशेतला जातंय." ती हसली, पण फार नाही. "भाऊ, मला एकदा माझा आवाज भाईरनं ऐकायचाय. त्या डब्यातनं. आपन गप बसायचं आन् आपलाच आवाज येतोय, आसं."

आणि सरांनी तिला तसा शब्द दिला होता. भातलावणीच्या यंत्राची जाहिरात. गावोगाव जीप फिरणार, जीपवर कर्णे, आणि कर्ण्यातून हिचा आवाज. तिने नवऱ्याला सांगितलं होतं, जावांना सांगितलं होतं, मळवली स्टेशनवरच्या चहावाल्यालासुद्धा सांगून झालं होतं.

सकाळचा तास माझा. सगळ्यांना ओठ सैल सोडून फुरफुरवायला लावले. डॉक्टर आणि बँकवाले काका आधी लाजले, मग त्यांना इतकी मजा वाटायला लागली की थांबेचनात. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "नवरदेवाची घोडी आसंच करती." मग तोंड मिटून मधमाशीसारखं गुणगुणणं, कपाळात आणि नाकाच्या हाडात सूर घुमला पाहिजे. मग पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून सुरात बुडबुडे काढायचे, जिभेने दातांवरून आतून चक्कर मारायची, मुद्दाम जांभई द्यायची म्हणजे घशाची मागची कमान उचलते. बाईची जांभई खरी निघाली. "पाच वाजल्यापासनं उठलीये," म्हणाली. यात कुठे मराठी शुद्ध करायचं काही नाही, हे मी मुद्दाम सांगतो. या कसरतींना जात नाही, गाव नाही. मळवलीचा गळा आणि मलबार हिलचा गळा एकाच पद्धतीने गरम होतो.

माझा तास संपला की सरांचा. त्यांची स्वतःची कसरत होती. तोंडासमोर तळवा धरायचा आणि "हात, हार, नाही, आम्ही, तुम्ही" म्हणायचं. "ह"च्या जागी तळव्याला वाफ लागली पाहिजे. सगळ्यांच्या तळव्याला वाफ लागली. बाईच्या "आम्ही"ला लागेना.

"आमी," ती म्हणाली.

"आम्ही," सर म्हणाले.

"आमी."

"ताई, मधला ह कुठे गेला?"

"आमच्याकडं नसतोय त्यो."

हॉल हसला. सरही हसले आणि तिला दातांत पेन्सिल धरून तेच पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा, मग मधोमध उभं करून. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली ती तिने पदराने पुसली आणि पुन्हा म्हटलं. मी बाजूला उभा राहून ग्लास गोळा करत होतो.

मला ही कसरत चांगली ठाऊक आहे. विशीत मीही तळव्यावर वाफा सोडल्या आहेत. इतक्या सोडल्या की नाही तिथेही सुटायला लागल्या, आणि आंब्याच्या एका जाहिरातीत मी पूर्ण आत्मविश्वासाने "हांबा" म्हटलं. स्टुडिओतला माणूस मशीन बंद करून बाहेर जाऊन हसून आला. तेव्हा मीही हसलो होतो. आता, त्या पेन्सिलीकडे बघताना, हसू येईना.

दुपारच्या जेवणात मी सरांना म्हटलं, "त्यांना जाहिरात गावच्या बोलीतच करायची आहे ना? मग हे कशाला?"

"शिस्त लागते," सर म्हणाले आणि ताटात आमरस वाढून घेतला.

म्हणजे सकाळी तिच्या तोंडातून मावळ काढायचा आणि दुपारी तोच विकायला ठेवायचा. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बसून, शांतपणे, गरम गळ्याने. मी आमरस खाल्ला. आमरसाने घशात चिकटा धरतो, रेकॉर्डिंगच्या दिवशी खाऊ नये, हेही मी शिकवतो.

रेकॉर्डिंगसाठी हॉलला लागून असलेली एक छोटी मीटिंगची खोली होती. तिचा मी स्टुडिओ केला होता. भिंतींना हॉटेलच्या गाद्या टेकवल्या, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर रजया टाकल्या, मधे माइक. डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पण बाहेरचं भांडं पडलं तरी आत ऐकू येत नव्हतं. मी हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर मशीन घेऊन.

यंत्रवाल्या कंपनीकडून एक गृहस्थ आले होते, भले वाटले. बाई आत गेली. कागदावरची ओळ अशी होती की एक शेजारीण दुसरीला सांगते, कंबर मोडायचे दिवस गेले, आता बांधावर बस आणि बघ. तिने ती पहिल्यांदा वाचली, आणि वाचल्यासारखी वाटली. मी दारातून डोकं घालून म्हटलं, "ताई, जावेला सांगा." मग तिने कागद खाली ठेवला.

"आगं, मोडली ना कंबार वाकून वाकून? आता बस बांदावं," इथे ती थांबली, नाकातल्या नाकात हसली, "आन् बग."

तेवढीच ती थांबण्याची आणि हसण्याची जागा, पण त्यात सगळी लावणी होती, चिखल होता, आणि उभ्या जन्मात बांधावर बसायला न मिळालेल्या बाईचा यंत्रावरचा अविश्वासही होता. कंपनीचे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. सर म्हणाले, "अप्रतिम. ताई, झालं तुमचं काम." तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "झालं बरं का. आता जीप यील."

मग ती माझ्या टेबलाशी आली. ऐकायचं होतं. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि मशीनमध्ये तिचा तुकडा शोधायला लागलो. आतल्या माइकचं बटण मी खाली करायला विसरलो होतो. धंद्यात मुरलेला माणूस ही चूक करत नाही. मी केली.

आणि हॉलमध्ये चहाचा गलका असल्यामुळे सर आणि कंपनीचे गृहस्थ खाजगी बोलायला त्या हॉटेलातल्या सगळ्यांत शांत जागी गेले. गाद्यांच्या खोलीत.

तिचा चेहरा बदलला. आपला आवाज पहिल्यांदा ऐकला की सगळ्यांचाच चेहरा असा होतो, आपण असे वाटतो हे कुणालाच पटत नाही. म्हणून मी तिच्याकडे बघून समजुतीने हसत होतो. मूर्खासारखा. तिचा तुकडा मी अजून लावलाच नव्हता, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत तिने हेडफोन काढले आणि माझ्या कानांवर घातले.

"पण बाईंना तर आपण सांगितलंय," गृहस्थ म्हणत होते.

"सांगितलं की जीव ओतून करतात. हा स्क्रॅच आहे हो. मुंबईतल्या सिरियलवाल्या मॅडम हे ऐकून हुबेहूब उचलतील. नाव मॅडमचं, पोस्टरवर फोटोही. बाईंना सर्टिफिकेट देऊ. फ्रेम करून."

स्क्रॅच म्हणजे कच्चा आवाज. शिंप्याकडे आपण मापाला जुना सदरा देतो ना, तसा. नवा शिवून झाला की जुन्याची कुणी चौकशी करत नाही. धंद्याची ही रीतच आहे आणि मी स्वतः अनेकदा मापाला गेलो आहे. पण मला आधी सांगितलेलं असायचं. हिच्या नवऱ्याला फोन गेलेला होता.

मी उठलो. सकाळी मी सगळ्यांचे गळे गरम केले होते, स्वतःचा सोडून. शिकवणाऱ्याची ही खोड असते: आपण फक्त हाताने खुणा करायच्या, आवाज राखून ठेवायचा. तर तो राखून ठेवलेला, आमरसाने लडबडलेला, थंड गळा घेऊन मी खोलीचं दार ढकललं आणि रजई बाजूला ओढली. ती स्टँडसकट सरांच्या अंगावर आली. सर रजईखाली, गृहस्थ गादीला टेकलेले, मागे हॉलमधले सगळे कप हातात धरून गोळा झालेले. मी म्हणायला गेलो, "या बाईंच्या आवाजाशिवाय ही जाहिरात होणार नाही."

"या बाईंच्या" एवढं नीट निघालं. "आवाजाशिवाय"ला आतून काहीतरी फाटलं आणि तिथून पुढे फक्त क्वाक. मी पुन्हा जोर लावला. पुन्हा क्वाक, आणि मग नुसती हवा. हॉल हसला. सर रजईतून डोकं काढून म्हणाले, "वॉर्म-अप केला नाही वाटतं."

त्या क्षणी माझ्याकडे अशा शिव्या होत्या की इंदुरीच्या किल्ल्याचा उरलासुरला बुरूज ढासळला असता. एकही बाहेर येईना.

बाई मला हाताने बाजूला सारून पुढे झाली.

"सर, माझा आवाज पुसा."

"ताई, तुमचा गैरसमज होतोय. ही एक प्रोसेस असते."

"मग मला प्रोसेसमधनं काढा."

"अहो, शिकायला मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं की. पुसा."

कंपनीचे गृहस्थ खाली बघत म्हणाले, "त्यांना नको असेल तर राहू द्या." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, पुसायच्या आदी एकदा ऐकवा. मोठ्यानं. त्या डब्यातनं."

बोलता येत नव्हतं, पण हात चालत होते. मी तिचा तुकडा हॉलच्या मोठ्या स्पीकरना जोडला आणि आवाज होता तेवढा वर नेला. माझ्या अंगात आलं होतं. शेवंतीच्या फुलांखाली ती पदर धरून उभी, आणि सगळीकडून तिचा आवाज: आगं, मोडली ना कंबार. कुणी हसलं नाही. सर फोन हातात धरून बघत होते. मला वाटलं, कुणाचा तरी फोन येतोय.

"आशी बोलते मी?" ती म्हणाली. "लय रागीट वाटते."

मग म्हणाली, "आता पुसा."

मी पुसलं. मशीनने विचारलं, नक्की का. रागात मी नीट वाचलंच नाही. मी नक्कीचं बटण दाबलं, आणि त्या दिवसाचं सगळंच पुसलं. डॉक्टरांचं, संगणकातल्या पोरांचं, काकांचं बातमीपत्र, सगळ्यांचं. मघापर्यंत जे निदान मनातून आमच्या बाजूचे होते, तेही आता माझ्या अंगावर आले. काका तर त्यांच्या सगळ्यांत शुद्ध उच्चारात मला जे म्हणाले, ते रेडिओवर चाललं नसतं. माफी मागायची तर आवाज नाही. मी हात जोडले. दात काढणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या दातांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही.

तिला मी स्कूटरवर मळवलीला सोडलं. वाटलं होतं, ती माझे आभार मानेल. वलवण संपल्यावर तिने तोंड उघडलं.

"तुमी कशाला मधी पडलात?"

मी आरशात बघितलं.

"माझं भांडान होतं ते. मी तोंड उगडनार, तवर तुमी घुसला. रजई पाडली, ह्ये केलं. समदे तुमालाच हासाया लागले. मग माझं कोन ऐकनार? मला लय बोलायचं व्हतं. पेन्सिलीचं बोलायचं व्हतं. निम्मं पोटातच ऱ्हायलं."

कार्ला फाट्याला मी गाडी थांबवून फोनवर टाइप करायला लागलो, की मला फक्त तुमच्या बाजूने...

"लिवू नका," ती म्हणाली. "चष्मा न्हाई आनला."

तेव्हा मळवलीपर्यंत मी ऐकत आलो. उत्तर देता येत नसलं की किती ऐकू येतं, हे आवाज देणाऱ्या माणसाला फार उशिरा कळतं. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाही मला राग येत होता. रेल्वेच्या फाटकाशी उतरल्यावर तिने साडी झटकली आणि म्हणाली, "गळ्याला गरम पानी घ्या." मग गेली.

घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि बोलणं बंद करायला सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. हातातली कामं गेली. वडील खूश होते. "ह्ये ब्येस झालं, घरात जरा आराम वाटतोय," म्हणायचे. मी मात्र मनात रोज तेच वाक्य पुन्हा म्हणत होतो, वेगवेगळ्या सुरांत, आणि मनातसुद्धा ते शेवटाला फाटायचं.

आवाज परत यायला लागला तोवर भाताच्या लावण्या सुरू झाल्या होत्या. एका सकाळी तिचा फोन.

"भाऊ, जीप आली. ऐका." तिने फोन वर धरला असावा. पावसाचा आवाज, बायकांचा आवाज, आणि त्यावर कर्णा. एक गोड, धुतलेला, शहरातला आवाज गावाचं सोंग घेऊन म्हणत होता, "आगं, मोडली ना कंबार वाकून वाकून? आता बस बांदावं." मग तो थांबला. नाकातल्या नाकात हसला. "आन् बग."

तीच जागा. तेच हसू. मोजून घेतल्यासारखं.

"तुमी पुसलंवतं ना?" ती म्हणाली.

पुसलं होतं. मशीनमधून पुसलं होतं. पण सर हॉलमध्ये फोन हातात धरून उभे होते, आणि तिने एकदा म्हटलं म्हणून मी तिचा आवाज त्या हॉलमध्ये होता तेवढा मोठा करून वाजवला होता, स्वच्छ, खणखणीत, कुणालाही भरून घेता येईल असा. पुसायच्या आधी मीच तो त्यांच्या हातात ठेवला. हे मी तिला सांगितलं. काही लपवावं असं सुचलंही नाही, इतका संताप आला होता.

पलीकडे पावसातून कर्णा लांब लांब जात राहिला.

"माझं हासनंबी घेतलं," ती म्हणाली. "सरांचं हापिस कुटंय?"

तळेगावात. भर दुपारी ती तिथे आली तेव्हा इस्त्रीची साडी होती, पण नखांत खाचराचा काळा चिखल तसाच. मी तिच्या आधीच पोचून जिन्यात उभा होतो. दार ढकलायला मी हात पुढे केला.

"तुमी भाईर बसा."

"अहो ताई, पण मला हे धंद्यातलं..."

"भाईर बसा म्हनलं ना."

मी पायरीवर बसलो. शेजारच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मिसेस आत गेल्या का?" मी नाही म्हणालो, आणि आवाज नीट निघाला, जिथे काही गरज नव्हती तिथे. काचेच्या दारातून शब्द कळत नव्हते. आधी सरांचा आवाज, मऊ, प्रोसेसवाला. मग तिचा. मग फक्त तिचा. न चढवता, न थांबता, बराच वेळ. मधे एकदा सर काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो.

ती बाहेर आली. दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं, उभ्यानेच प्याली.

"काय म्हणाले?"

"त्यातनं माझं हासनं काढा म्हनलं, तर न्हाई म्हनला."

"नाही म्हणजे काय? मी येतो आत, त्याला..."

"बसा." तिने ग्लास विसळून परत दिला. "न्हाई म्हनला, पन ऐकलं समदं. पेन्सिलीचं पन ऐकलं. आता कंपनीवाल्याचा पत्ता द्या म्हनलं, तर द्यायला तयार न्हाई."

"पत्ता मला माहीत आहे."

"मग झालं." तिने छत्री उघडली. "उद्या आमच्याकडं इर्जिक हाय, समदी वस्ती लावनीला येनार, मला हलता यायचं न्हाई. परवा जाऊ. आन् तितं पन तुमी भाईरच थांबायचं."